दिवसा विमा, रात्री सिंफनी: चार्ल्स आइव्ह्जला नोकरीने तारलं की मारलं?

पेटीवाला_कारकून (रवि, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं पोटात घाला.

मी विम्याच्या ऑफिसात आहे, क्लेमच्या टेबलावर, एकोणीस वर्षं. संध्याकाळी घरी आलो की पेटी काढतो, गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला साथ करतो. मध्यंतरी एका ट्रेनिंगला शिकवायला आलेल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला किती रकमेचा विमा लागेल ते त्याच्या मिळकतीवरून आणि घरखर्चावरून मांडून काढायचं, हे एजंटांना शिकवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक अमेरिकन संगीतकार होता." जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून शोधायला लागलो आणि तेव्हापासून झपाटलोय.

चार्ल्स आइव्ह्ज. जन्म १८७४, डॅनबरी, कनेटिकट. वडील जॉर्ज गावचे बँडमास्तर, अमेरिकेच्या यादवी युद्धात फौजेचा बँड चालवलेले. पोरगा चौदाव्या वर्षी चर्चमध्ये पगारी ऑर्गनवादक. येल विद्यापीठात होरेशिओ पार्कर या संगीतकाराकडे रीतसर शिक्षण. १८९८ ला पदवी आणि तिथून थेट न्यूयॉर्कच्या विमा कंपनीत कारकून! १९०७ पासून ज्युलियन मायरिक या सहकाऱ्याच्या जोडीने स्वतःची एजन्सी, पुढे ती देशातल्या सगळ्यांत मोठ्या एजन्सींत गेली. आणि रात्री, शनिवार-रविवारी, सुट्टीत हा माणूस सिंफन्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या लांबलचक रचना, लिहीत बसायचा. वाजवायला कोणी नाही. तिसरी सिंफनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांतली, पहिल्यांदा वाजली १९४६ ला. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर, अमेरिकेतला मानाचा पुरस्कार.

त्याचं म्हणणं साधं होतं. ज्याला बायको-पोरं आहेत त्याने आपल्या कर्कश स्वरांपायी त्यांना उपाशी का ठेवावं? मला तर वाटतं, नोकरी होती म्हणूनच त्याला कोणाच्या बापाची पर्वा न करता लिहिता आलं. तुमचं काय मत? आणि ऐकायचं तर कुठून सुरुवात करू? आपला कान भजनाचा.

फुटाणे (रवि, रात्री १०:२०)

रुमाल टाकून ठेवतो.

बादवे, एजंट दारात आला की आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून श्वास रोखून बसतो. हा म्हणाला असता, "पॉलिसी घ्या, नाहीतर चौथी सिंफनी ऐकवतो." सही केली असती गुपचूप.

सदाशिवपेठी_चष्मा (रवि, रात्री १०:५१)

ऐकलं. दोन मिनिटं टिकलो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकाच वेळी तीन घरांत कीर्तन, रेडिओ आणि भांडण चालू असल्यासारखं. जे चाळीस वर्षं कोणी वाजवलं नाही ते सगळं थोरच असतं असं नाही. कधी कधी न वाजवणाऱ्यांचंही बरोबर असतं.

अर्धवट_कानसेन (रवि, रात्री ११:३५)

चष्मेवाले, तुम्हाला काय ऐकू आलं ते तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत, फक्त निदान चुकलं. तीन घरांतलं एकाच वेळी ऐकू येणं हेच त्याला हवं होतं.

'थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड' या त्याच्या वाद्यवृंदाच्या तीन भागांच्या रचनेतला मधला भाग, 'पटनम्स कँप'. चार जुलैची सहल, एक पोरगं घोळक्यातून बाजूला जातं आणि त्याला स्वप्न पडतं. त्यात एका जागी दोन बँड वेगवेगळ्या लयीत एकाच वेळी चालतात. वाद्यवृंदाचा अर्धा भाग एका चालीने, अर्धा दुसऱ्या. वडिलांनी डॅनबरीत दोन बँड समोरासमोरून चालवत आणले होते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

हे तुम्हाला कळत नसेल तर पेठेत राहून उपयोग काय? माझी मावशी लक्ष्मी रोडला राहायची. विसर्जनाच्या रात्री तिच्या गॅलरीत उभं राहिलं की डावीकडून एक ताशा सरकत यायचा, उजवीकडे पुढे गेलेल्या मंडळाचा बँड अजून ऐकू यायचा, आणि दोघांच्या मध्ये एक क्षण असा यायचा की दोन्ही ठेके एकमेकांत अडकायचे. गॅलरीचा गज हाताखाली थरथरायचा. मग एक ठेका हळूहळू जिंकायचा. मी आइव्ह्ज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मावशीची गॅलरी आठवली.

आणि न वाजवणाऱ्यांबद्दल. १९१४ ला त्याने फ्रान्झ मिल्के नावाच्या नाणावलेल्या व्हायोलिनवादकाला घरी बोलावलं, आपला पहिला व्हायोलिन सोनाटा (व्हायोलिन-पियानोची मोठी रचना) वाजवून बघायला. पहिल्या पानालाच गडी अडखळला. थोड्या वेळाने कानांवर हात ठेवून खोलीबाहेर आला आणि म्हणाला, पोटात न पचणारं गेलं तर ते बाहेर तरी काढता येतं, हे आवाज कानातून कसे काढू?

फुटाणे (रवि, रात्री ११:४१)

कानासाठी इनो मिळतो का कुठे? हसून हसून पुरेवाट.

मृदुला_सा_पा (सोम, सकाळी ७:०५)

पेटीवाले दादा, तुमच्या कानाला जवळचं काहीतरी सांगते. जॉर्ज आइव्ह्ज घरात पोरांना गाणं एका पट्टीत म्हणायला लावायचा आणि साथ दुसऱ्याच पट्टीत वाजवायचा. म्हणजे आपल्या भाषेत, पेटी पांढरी एकला आणि पोरांनी काळी दोनमध्ये गायचं. कान ताणून घट्ट करायची तालीम.

दुसरी गोष्ट त्याहून गोड. वादळी पाऊस पडतोय, शेजारच्या चर्चची घंटा वाजतेय, आणि जॉर्ज डोक्यावर टोपी नाही, अंगात कोट नाही, मागच्या अंगणात उभा. धावत घरात येतो, पियानोवर तो स्वर शोधतो, मिळत नाही, पुन्हा बाहेर. घंटेचा स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी होता. मग त्याने तारा ताणून पाव स्वर काढणारं यंत्रच करायला घेतलं. चार्ल्सने पुढे दोन पियानोंसाठी पाव स्वरांचे तीन तुकडे लिहिले, त्यातला एक पियानो दुसऱ्यापेक्षा पाव स्वराने वेगळा लावायचा.

हे वाचून "अरे, म्हणजे आपल्या श्रुती!" असं कोणीतरी इथे म्हणणारच, म्हणून आधीच सांगते: नाही. हे अर्ध्या स्वराचे मोजून दोन समान भाग आहेत. आपला तोडीचा गंधार मोजून येत नाही, तो ऋषभावरून खाली-वर होत त्याच्या जागी बसतो. माझ्या क्लासमध्ये मी मुलांना ते पाव स्वराचे तुकडे ऐकवले तेव्हा एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "ताई, पियानोला सर्दी झालीये."

श्रीखंडवडी (सोम, सकाळी ९:१८)

पियानोला सर्दी!! दंडवत त्या मुलीला.

इरावती_ज (सोम, दुपारी १:३०)

धागाकर्त्याचं म्हणणं अर्धंच पटलं. "नोकरीने स्वातंत्र्य दिलं" ही गोष्ट आइव्ह्ज स्वतःच सांगायचा, आणि माणूस स्वतःविषयी जे सांगतो ते थोडं बाजूला ठेवून बघावं.

डॅनबरीत आइव्ह्ज घराणं म्हणजे व्यापारी, बँक काढणारी, वजनदार माणसं. त्यात जॉर्ज हा बँडवाला, म्हणजे घरातलं वाया गेलेलं कार्टं. शेवटी शेवटी त्यालाही घरच्यांच्या बँकेत नोकरी धरावी लागली. चार्ल्स येलला गेला आणि दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १८९४ मध्ये, बाप गेला. आता सांगा, या मुलाने "संगीत पोटासाठी करायचं नाही" असं ठरवलं ते तत्त्व होतं की धास्ती? शिवाय सुरुवातीला तो इतका काही बेपर्वा नव्हता. १९०२ ला त्याची एक मोठी समूहगानाची रचना न्यूयॉर्कला वाजली, चांगली सोज्वळ, पार्करच्या वळणाची. परीक्षणं कोमट आली. त्याने चर्चची ऑर्गनची नोकरीही सोडली आणि परत कुठे वाजवलं नाही. मला तर यात दुखावलेला माणूस दिसतो.

आणि एक खटकणारं कोणी बोलत नाही. गोड, कानाला सुखावणारं संगीत आवडणाऱ्यांना तो "बायकी" म्हणायचा. पुरुषासारखे कान वापरा, वगैरे. त्या काळच्या अमेरिकेत संगीत हा बायकांचा उद्योग समजत, आणि हा त्यामुळे सतत आपलं पुरुषपण सिद्ध करत बसलेला. दिवसा धंदा, तरुणपणी बेसबॉल, आणि रात्री चोरून गाणं.

त्याची बायको हार्मनी (खरंच हे नाव!) शिकलेली नर्स होती. तिचे वडील पाद्री, मार्क ट्वेनचे जिवलग स्नेही. लोक म्हणत होते तुझा नवरा वेडा आहे, आणि ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याला असं कधी लिही, तसं कधी लिही, म्हणाली नाही. लग्नानंतर १९०८ च्या उन्हाळ्यात दोघं स्टॉकब्रिजला हूसाटॉनिक नदीकाठी फिरत होते, पाण्यावर धुकं, पलीकडच्या काठावरून चर्चमधलं गाणं पुसट ऐकू येतंय. त्यातून जो तुकडा झाला तो 'थ्री प्लेसेस'चा शेवट. पेटीवाले, तुम्ही तिथून सुरुवात करा. चार मिनिटांचा आहे. तंतुवाद्यं म्हणजे धुकं, गाणं मधूनच दिसतं.

सदाशिवपेठी_चष्मा (सोम, दुपारी २:१०)

हूसाटॉनिक ऐकलं. ते चांगलं आहे. एवढंच.

फुटाणे (सोम, दुपारी २:१३)

तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

आजोबा_ऑनलाइन (सोम, संध्या. ६:४५)

मी विम्यात विकास अधिकारी म्हणून छत्तीस वर्षं घालवून निवृत्त झालो. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण या गृहस्थाची एजंटांसाठीची पुस्तिका काय होती ते मला माहीत आहे. विषय असा की गिऱ्हाइकाला किती विमा हवा ते 'मोजायचं'.

आज हे वाचून वाटेल, यात काय मोठं? अहो, आम्ही नोकरीला लागलो तेव्हासुद्धा एजंट म्हणजे हातापाया पडून, नात्यातला धागा काढून, "मामा, एक घ्याच" म्हणणारा. त्या माणसाने त्याच्याही कितीतरी आधी एजंटांचे वर्ग घेतले. कुटुंबाला महिन्याला किती लागतं, किती वर्षं लागेल, हातात काय आहे, उरलेली रक्कम म्हणजे विमा. गयावया नाही, हिशोब. हे काम तो पोटापुरतं म्हणून करत नव्हता. विमा म्हणजे माणसांनी एकमेकांचा भार वाटून घेणं असं तो मानायचा. तेव्हा "नोकरीने तारलं की मारलं" हा प्रश्नच मला लंगडा वाटतो. दोन्ही त्याचीच कामं होती.

पेटीवाला_कारकून (सोम, रात्री ९:०२)

काका, साष्टांग. उद्या हा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवतो.

अर्धवट_कानसेन (सोम, रात्री १०:२०)

काका, तुमचं पटलं, पण दोन्ही कामं करून माणूस किती वर्षं टिकतो? १९१८ ला तो मोठ्या आजारातून वाचला. मग घाईघाईने होतं नव्हतं ते स्वखर्चाने छापलं. पियानोसाठीचा 'कॉन्कर्ड सोनाटा', आणि १९२२ ला एकशे चौदा गाण्यांचं एक जाडजूड पुस्तक. फुकट वाटलं. त्याच्या शेवटी लिहिलंय की मी पुस्तक वगैरे लिहिलेलं नाही, मी फक्त घर साफ केलंय आणि जे उरलं ते बाहेर दोरीवर वाळत घातलंय.

आणि १९२६-२७ च्या सुमारास एक दिवस जिन्यावरून खाली आला, डोळ्यांत पाणी, आणि हार्मनीला म्हणाला, आता मला काही सुचत नाही, काहीच बरोबर वाजत नाही. वय बावन्न. गेला १९५४ ला. मधली सगळी वर्षं जुनंच चाळत, दुरुस्त करत. विम्यातून निवृत्त झाला १९३० मध्ये, म्हणजे वेळ मिळाला तेव्हा विहीर आटलेली. आपण लिहिलेलं वाद्यवृंदाकडून वेळच्या वेळी ऐकायला मिळालं असतं तर? संगीतकाराला कान लागतात, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही. वीस वर्षं एकाही प्रेक्षकाशिवाय नाटक करून बघा.

नीरक्षीर (मंगळ, सकाळी ८:४०)

"जुनंच दुरुस्त करत" हे कानसेन यांनी सहज लिहून टाकलं, पण खरी काडी तिथेच आहे. एलियट कार्टर हा पुढे मोठा झालेला संगीतकार तरुणपणी आइव्ह्जकडे जायचा. त्याने नंतर सांगितलं की हा जुन्या हस्तलिखितांत बसून नवे कर्कश स्वर घालत होता. १९८७ ला मेनार्ड सॉलोमन या अभ्यासकाने तर सरळ तारखांवरच शंका घेतली, की स्ट्राविन्स्की-शोनबर्ग या नव्या वळणाच्या युरोपीय संगीतकारांच्या आधी आपण हे केलं असं दाखवायला कागद मागच्या तारखेचे केले का? नंतर कागदाचे प्रकार आणि हस्ताक्षर तपासून बऱ्याच तारखा पुष्कळशा ठीक ठरल्या. मात्र नंतरच्या दुरुस्त्याही खऱ्या.

दुसऱ्या सिंफनीचा शेवटच घ्या. एकोणिसाव्या शतकातल्यासारखी गुणी सिंफनी, आणि शेवटचा ठोका अकरा वेगवेगळ्या स्वरांचा, भोंगा वाजवल्यासारखा. तो शेवट बराच नंतर लावलेला आहे.

आजोबा_ऑनलाइन (मंगळ, सकाळी ९:१५)

मागची तारीख? आमच्या धंद्यात याला घरी बसवतात.

फुटाणे (मंगळ, सकाळी ९:१७)

काकांनी पॉलिसी रद्द केली.

इरावती_ज (मंगळ, सकाळी ११:००)

नीरक्षीर, सहमत, पण मला तो अकरा स्वरांचा ठोका फार आवडतो. १९५१ च्या फेब्रुवारीत बर्नस्टाइन या वाद्यवृंद-संचालकाने ती सिंफनी न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजवली. हार्मनी सभागृहात गेली, हा गेला नाही. नंतर रेडिओवर ऐकली. पन्नास वर्षांनी स्वतःची सिंफनी! पुलित्झर मिळालं तेव्हाही म्हणाला होता, बक्षिसं पोरांसाठी असतात, मी मोठा झालोय. पैसेही वाटून टाकले. कानसेन म्हणतात ते दुःख खरं असेल, पण ह्या माणसाचा तोरा बघता तो फक्त बिचारा होता असं मानायला माझं मन धजत नाही.

कनेटिकटकर (मंगळ, संध्या. ७:३०)

डॅनबरीपासून पंचवीस मिनिटांवर राहतो म्हणून लिहितोय. त्याचं जन्मघर अजून आहे, मात्र मूळ जागेवर नाही, उचलून दुसरीकडे नेलेलं. इथल्या विद्यापीठाच्या आवारात त्याच्या नावाचं उघडं प्रेक्षागृह आहे. आम्ही उन्हाळ्यात चटई आणि पोह्यांचा डबा घेऊन तिथे गेलोय, रॉक ऐकायला. माझ्या शेजाऱ्याला विचारलं, आइव्ह्ज कोण? म्हणाला, "पार्किंग चांगलं आहे तिथलं."

त्याची वेस्ट रेडिंगच्या घरातली कामाची खोली मात्र सामानासकट न्यूयॉर्कच्या कला अकादमीत जशीच्या तशी पुन्हा मांडलीय.

अवांतर: 'कॉन्कर्ड सोनाटा'चे चार भाग म्हणजे कॉन्कर्ड गावातली लेखक मंडळी: इमर्सन, हॉथॉर्न, अल्कॉट कुटुंब आणि थोरो. यातला थोरो गीता वाचायचा हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वॉल्डन तळ्याकाठी राहून लिहिलेल्या 'वॉल्डन' या पुस्तकात त्याने लिहिलंय की तळ्यावरचा बर्फ कापून जहाजांतून मद्रास, मुंबई, कलकत्त्याला जातो, म्हणजे तिकडची घामेजलेली माणसं माझ्याच विहिरीचं पाणी पितात. गीता इकडे, बर्फ तिकडे!

श्रीखंडवडी (मंगळ, संध्या. ७:४४)

म्हणजे मुंबईत कोणीतरी थोरोच्या तळ्याचं सरबत प्यायलंय. हे भारी आहे.

फुटाणे (मंगळ, संध्या. ७:५०)

काला खट्टा, वॉल्डन स्पेशल.

मृदुला_सा_पा (मंगळ, रात्री ८:३२)

त्या थोरोच्या भागात शेवटी पियानोच्या सोबतीला बासरीचे थोडेसे स्वर आहेत, हवी तर वाजवा नाहीतर सोडा. थोरो तळ्याकाठी बासरी वाजवायचा म्हणून. आणि हॉथॉर्नच्या भागात पियानोवर चक्क पावणेपंधरा इंचाची लाकडी पट्टी ठेवायची असते, एकदम सगळे स्वर दाबायला. तेही मोठ्याने नाही, हळुवार. लांबून घंटा वाजल्यासारखं घुमतं. पट्टी वाचून दचकू नका.

सदाशिवपेठी_चष्मा (मंगळ, रात्री १०:०५)

धागा भरकटला. पेटीवाल्यांनी विचारलं होतं कुठून सुरुवात करायची. 'द अनान्सर्ड क्वेश्चन'. पाच-सहा मिनिटं. तंतुवाद्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी हळू, आपल्याच नादात. ट्रंपेट एकच प्रश्न सात वेळा विचारतो. बासऱ्या दर वेळी जास्त चिडून उत्तर देतात, सहा वेळा. सातव्यांदा कोणीच बोलत नाही.

हो, ऐकलंय मी. काल रात्री. चार वेळा.

फुटाणे (मंगळ, रात्री १०:०९)

ही आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. जोशीकाका "पाण्याच्या टाकीचं काय झालं?" सात वेळा विचारतात, कमिटी सहा वेळा ओरडते, आणि वर पंखे आपले शांतपणे फिरत असतात.

अर्धवट_कानसेन (मंगळ, रात्री १०:३०)

इतकं अचूक रसग्रहण मी कुठल्या जाड पुस्तकात वाचलेलं नाही. हलकं घेऊ नका, खरंच म्हणतोय.

पेटीवाला_कारकून (गुरु, रात्री ११:१५)

मंडळी, उशीर झाला, मार्चएंड आहे. हूसाटॉनिक दोनदा ऐकलं, 'प्रश्न' रोज बसमध्ये ऐकतोय. बासऱ्या चिडल्या की जोशीकाका दिसतात, हे पाप फुटाण्यांचं.

आज भजनाला निघायच्या आधी मृदुलाताईंनी सांगितलेला जॉर्जचा प्रयोग केला. मुलगा नववीत आहे, त्याला काळी दोनमध्ये 'रूप पाहता लोचनी' म्हणायला लावलं आणि मी पेटी पांढरी एकला धरली. पहिल्या ओळीला दोघांनाही हसू आवरेना. मग तो डोळे मिटून, कानांत बोटं घालून म्हणत राहिला. आतून बायको ओरडली, "भाता फाटला का?"

मृदुला_सा_पा (गुरु, रात्री ११:२२)

कोण घसरलं आधी?

पेटीवाला_कारकून (गुरु, रात्री ११:२४)

मी. तिसऱ्या ओळीला बोटं आपोआप काळी दोनवर गेली.